अक्षराची धार : अंबेजोगाईच्या पासोडीपासून लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत

बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाई हें गांव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. आद्यकवि म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या मुकुंदराजांची समाधि येथें आहे, आणि 'गीतार्णव'कार दासोपंत (१५५१-१६१५) यांच्या आयुष्याचा मोठा भाग येथेंच गेला. दासोपंतांस लिहिण्याचा हव्यास इतका कीं, रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांस पुरत असे, अशी आख्यायिका आहे. परंतु आम्हांस आज त्यांच्या शाईपेक्षां ती शाई त्यांनीं कशावर उतरविली याविषयीं बोलावयाचें आहे. 'पंचीकरण' हा वेदांतविषय त्यांनीं कागदावर न लिहितां सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा एका कापडावर लिहिला. हीच ती प्रसिद्ध पासोडी. ती अंबेजोगाईस जतन करून ठेवलेली आहे.

ह्या पासोडीकडे वेदांताच्या व वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहणारे पुष्कळ झाले. आम्ही तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीनें पाहूं इच्छितों. कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी. कागदावर बोरूची रेघ जेथें ठेवावी तेथें राहते. कापडावर ती धाग्याच्या आश्रयानें राहते, आणि शाई पातळ असली तर धाग्याबरोबर वाहूनहि जाते. अर्थात् धाग्याहून बारीक असें अक्षर कापडावर निघत नाहीं. लिहिणाराला आपल्या जाळीचें माप आधीं ठाऊक असेल, आणि त्या मापास अनुसरून तो अक्षर काढील, तरच लेख वाचतां येतो.

आज आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून जो लॅपटॉप येऊन बसला आहे, त्याचा पडदाहि अशीच एक जाळी आहे. फरक इतकाच कीं तिचे धागे प्रकाशाचे आहेत, आणि त्यांच्या छेदांस बिंदु किंवा पिक्सेल असें म्हणतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही जाळी फारच बारीक झाली. बिंदु अधिक तर अक्षर अधिक रेखीव, हा साधा न्याय. परंतु नव्या पडद्यावर जुनी एखादी आज्ञावली उघडावी, तों तिच्यांतील अक्षरें धुक्यांतून पाहिल्यासारखीं दिसतात. घेणारा म्हणतो, पडदा सदोष आहे. विकणारा म्हणतो, डोळे तपासून घ्या. वास्तविक दोष पडद्यांतहि नाहीं आणि डोळ्यांतहि नाहीं. तो कोठें आहे हें समजण्यास अक्षराच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागेल.

अंबेजोगाईसच यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याच्या घराण्याशीं संबंध असलेले तेराव्या शतकांतील शिलालेख आहेत. दगडाला धागा नाहीं. तेथें मर्यादा आहे ती छिन्नीच्या टोकाची. जुन्या मोडी लेखनांत मर्यादा बोरूची, आणि तेथें एक शिस्त विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि नंतर त्या रेघांस अक्षरें टांगीत जाई. म्हणजे ओळीचा पाया खालीं नसून वर होता. बालबोध लिपींत शब्दागणिक शिरोरेषा तुटते, तरी तत्त्व तेंच: नागरी अक्षर उभें राहत नाहीं, तें लोंबतें. युरोपियन यंत्रकारांनीं ही गोष्ट बराच काळ ध्यानांत घेतली नाहीं, आणि त्याचीं फळें आम्ही अजून भोगीत आहों.

छापण्याची कला महाराष्ट्रांत आली ती दोन वाटांनीं, आणि योगायोग असा कीं दोन्ही वाटांचे आरंभीचे ग्रंथ एकाच सालचे आहेत. पुण्यांत नाना फडणविसांच्या वेळीं एका कारागिरास ताम्रपटावर अक्षरें कोरण्याची विद्या शिकविण्यांत आली होती. तिच्या जोरावर पुढें मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं भगवद्गीता छापली गेली. त्याच सालीं बंगाल्यांत श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांतून विल्यम कॅरे याचें मराठी व्याकरण खिळ्यांनीं छापून निघालें. मिरजेच्या गीतेंत सबंध पृष्ठ हेंच एक चित्र होतें. श्रीरामपूरच्या व्याकरणांत पृष्ठ असें कांहीं नव्हतेंच. होते ते सुटे खिळे, जे आज ह्या शब्दांत तर उद्यां त्या शब्दांत बसत. ह्या दोन पंथांस आम्ही चित्रपंथ आणि खिळापंथ अशीं नांवें देतों. पुढील दोनशें वर्षांचा सारा इतिहास ह्या दोहोंच्या झगड्याचा आहे, आणि लॅपटॉपवरील अंधुक अक्षर हा त्याचाच अलीकडचा अंक आहे, असें आमचें मत आहे.

चित्रपंथाला आरंभीं मोठें यश आलें. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें, तें लोकांच्या हातीं पडतांच छापलेल्या अक्षराविषयींची भीति पुष्कळ कमी झाली. कारण शिळाछापाचें अक्षर हुबेहुब हातचें दिसे. निजामाच्या राज्यांत तर (आणि बीड हें १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होतें) चित्रपंथाचा अंमल फार दिवस टिकला. तेथील कारभाराची भाषा उत्तरकाळांत उर्दू होती, आणि उर्दूची नस्तालिक लिपि शब्दागणिक तिरकस खालीं उतरणारी असल्यामुळें ती सुट्या खिळ्यांत नीट बसेना. म्हणून कातिबानें लिहावें आणि दगडावरून तें उमटवावें, हीच रीत चालू राहिली. ह्या रीतींत सौंदर्य होतें यांत शंका नाहीं. परंतु तिचा दोष असा कीं, पृष्ठ एकदां लिहिलें कीं त्याचें माप ठरलें. तेंच पृष्ठ दुप्पट मोठें हवें असेल तर तें पुन्हां लिहिलें पाहिजे. ताणून चालत नाहीं.

खिळापंथाचे खरे आचार्य मुंबईस झाले. अमेरिकन मिशन छापखान्यांतील टॉमस ग्रॅहम यानें नागरी खिळ्यांचें ओतकाम सुधारलें, आणि नंतर जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांनीं राणोजी रावजी आरू या कसबी माणसाच्या हातून ठसे कोरवून निर्णयसागराचा टाइप सिद्ध केला. निर्णयसागर छापखाना १८६९ चा. त्याच्या संस्कृत ग्रंथांतील जोडाक्षरें ज्यांनीं डोळ्याखालून घातलीं आहेत, त्यांस त्या टाइपाची थोरवी सांगावयास नको. आमच्या विषयापुरती त्यांतील मर्माची गोष्ट वेगळीच आहे. त्या काळीं प्रत्येक मापाचा ठसा पोलादावर निरनिराळा कोरावा लागे. मोठ्या टाइपाचा ठसा लहान करून बारीक टाइप मिळत नसे. आणि मिळाला असता तरी कसबी कारागिरानें तो घेतला नसता. बारीक टाइपांत रेषा प्रमाणाबाहेर थोडी जाड ठेवावी लागते आणि ब, व, घ यांच्या पोटांतील पोकळी थोडी अधिक मोकळी सोडावी लागते, नाहीं तर शाईनें ती भरून जाते. म्हणजे अक्षर लहान करणें म्हणजे त्याला नव्यानें घडविणें, ही समजूत त्या कारागिरांच्या बोटांत मुरलेली होती.

टिळकांनीं केसरीसाठीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा जो खटाटोप केला, किंवा सावरकरांनीं अ-च्या बाराखडीचा जो पुरस्कार केला, त्याच्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. तो प्रश्न संख्येचा होता, धारेचा नव्हे. बापूराव नाईक यांच्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' ह्या १९७१ सालीं निघालेल्या तीन खंडांच्या ग्रंथांत ही सर्व हकीकत विस्तारानें आली आहे. जिज्ञासूंनीं ती तेथें पाहावी.

संगणक आला तो चित्रपंथाचा पुनरवतार घेऊन. आरंभींच्या पडद्यांवर प्रत्येक अक्षर म्हणजे बिंदूंचें एक ठराविक चित्र असे. १९८४ च्या मॅकिन्टॉश यंत्रावर इंचास ७२ बिंदु होते, म्हणजे छापखान्याच्या एका पॉइंटास बरोबर एक बिंदु. विंडोजनें इंचास ९६ बिंदु धरले. ह्या ९६ च्या आंकड्यावर वाचकांनीं बोट ठेवून असावें. पुढें सगळा घोटाळा त्याच आंकड्यानें केला आहे. ९६ च्या हिशेबानें बारा पॉइंटांचें अक्षर सोळा बिंदु उंच, आणि नऊ पॉइंटांचें अवघें बारा बिंदु. रोमन अक्षराचें तेवढ्यांत निभतें. नागरीस वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, खालीं उकार आणि पायमोडकें जोडाक्षर. एवढ्यांस जागा देऊन झाल्यावर मूळ अक्षराच्या वांट्यास सहा-सात बिंदु उरतात. सहा बिंदूंत 'क्ष' काढून पाहावा, म्हणजे दासोपंतांचें कापड किती उदार होतें तें कळेल.

अशा स्थितींत ज्यांनीं नागरी पडद्यावर आणली त्यांचें कौतुक करावें तितकें थोडें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें आरंभ झालेलें आणि पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅकमध्यें वाढलेलें 'जिस्ट' तंत्र हें त्यांतील प्रमुख. संगणकांत एक कार्ड बसवावें आणि पडद्यावर भारतीय लिप्या पाहाव्या, अशी ती योजना होती. १९९१ पासून ट्रूटाइपच्या रूपानें खिळापंथ परत आला. ह्या पद्धतींत अक्षराचें चित्र साठवीत नाहींत, तर त्याच्या कडेची वक्ररेषा गणितानें साठवितात, आणि हवें त्या मापाचें अक्षर त्या क्षणीं नव्यानें घडवितात. शिवाय अक्षरासोबत बारीकसारीक सूचना ठेवतां येतात: अमुक लहान मापांत शिरोरेषा एका बिंदूहून पातळ होऊं देऊं नये, अमुक पोकळी मिटूं देऊं नये, इत्यादि. राणोजी आरूंच्या बोटांतील ज्ञान असें आंकड्यांत उतरलें. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) यांनीं घडविलेला 'मंगल' हा टाइप विंडोज २००० मधून घरोघर गेला, आणि युनिकोड नागरीचें वाचन सामान्य माणसास शक्य झालें.

ह्याच काळांत पडद्यावरील अक्षर मऊ करण्याच्या दोन युक्त्या निघाल्या. एक, कडेचे बिंदु काळे-पांढरे न ठेवतां करडे करावयाचे. दुसरी मायक्रोसॉफ्टची क्लिअरटाइप, जी १९९८ सालीं जाहीर झाली. पडद्यावरील प्रत्येक बिंदु हा तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो; त्या पट्ट्या सुट्या वापरल्या तर आडव्या दिशेनें जाळी तिप्पट बारीक झाल्यासारखी होते. युक्ति सुंदर खरी, पण तिचा लाभ रोमनला अधिक. रोमनचें सामर्थ्य उभ्या दांड्यांत. नागरीचें सामर्थ्य आडव्या शिरोरेषेंत, आणि उभ्या दिशेनें तर जाळी होती तितकीच जाड राहिली.

नंतर जाळी एकाएकीं बारीक झाली. २०१० च्या आयफोन ४ वर इंचास ३२६ बिंदु होते. २०१२ सालीं ॲपलनें मॅकबुक प्रो ह्या लॅपटॉपवर २८८० गुणिलें १८०० बिंदूंचा पडदा बसविला, म्हणजे इंचास सुमारें २२०. पाठोपाठ विंडोजचे लॅपटॉपहि तसेच निघूं लागले. आतां अडचण पाहा. इंचास ९६ बिंदु असें गृहीत धरून ज्यांनीं आज्ञावल्या लिहिल्या, त्यांच्या सर्व चौकटी, बटणें आणि अक्षरें बिंदूंच्या संख्येंत ठरलेलीं. तीं नव्या पडद्यावर जशींच्या तशीं काढलीं तर निम्म्याहूनहि लहान दिसणार. वाचावयास भिंग लागणार. म्हणून यंत्राच्या मुख्य प्रणालीनें एक तोडगा काढला. जी आज्ञावली 'मला नव्या मापाचें ज्ञान आहे' असें आपल्या सोबतच्या जाहीरनाम्यांत नोंदवीत नाहीं, तिला प्रणाली सांगते कीं पडदा अजून ९६ चाच आहे. बिचारी त्यावर विश्वास ठेवून जुन्या मापाचें चित्र काढते, आणि प्रणाली तें चित्र ताणून मोठें करते. विंडोजमध्यें ही रीत व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे. मिरजेच्या ताम्रपटाचा छाप ओला असतांनाच रबरासारखा ताणावा, तसा हा प्रकार. चित्रपंथ पुन्हां मागच्या दारानें आंत आला.

ताण दुप्पट असेल तर फारसें बिघडत नाहीं. एका बिंदूचे चार होतात; अक्षर जुन्या पडद्यावर होतें तितकेंच ओबडधोबड दिसतें, पण त्याची कड शाबूत राहते. खरा नाश होतो तो दीडपट किंवा सव्वापट ताणांत. एक बिंदु जाड शिरोरेषा दीडपट केली तर ती दीड बिंदु जाड झाली पाहिजे. अर्धा बिंदु हा पदार्थ पडद्यावर नाहीं. मग एक ओळ काळी आणि तिच्या शेजारची ओळ करडी, असें करून प्रणाली हिशेब मिटविते. रोमन लेखनांत अशी करडी झाक अक्षरागणिक सुटी सुटी पडते, आणि डोळा ती सोसतो. नागरींत तीच झाक शब्दाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पट्ट्यासारखी पसरते. इंग्रजीचा मजकूर थोडा मऊ दिसतो तेथें मराठीचा मजकूर मळका दिसतो, याचें कारण हें आहे. सुधारणेच्या बहुतेक चर्चा रोमन अक्षरावर नजर ठेवून झाल्या, त्यामुळें ह्या भेदाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

हा केवळ डोळ्यांच्या सुखाचा प्रश्न असता तर आम्हीं त्यावर लेखणी उचलली नसती. नागरींत कांहीं अक्षरांचें वेगळेपण शिरोरेषेच्या तुटण्यांतच आहे. घ वर रेषा अखंड, ध वर ती डावीकडे तुटलेली. म वर अखंड, भ वर तुटलेली. य वर अखंड, थ वर तुटलेली. ही तूट लहान मापांत एका, फार तर दोन बिंदूंची असते, आणि ताणलेल्या चित्रांतील करडी झाक नेमकी तीच प्रथम बुजविते. बीड जिल्ह्यांत धारूर हा तालुका आहे आणि घाटनांदूर हें गांव आहे. पडद्यावर एकाचें घारूर आणि दुसऱ्याचें धाटनांदूर व्हावयास एका बिंदूचा अवकाश! गांवांचीं नांवें निदान ओळखीचीं असतात. मनुष्यांच्या आडनांवांचें तसें नाहीं. सातबारा, पीकविमा, अनुदान, शिष्यवृत्ति यांचे अर्ज आतां पडद्यावरच भरले जातात, आणि कागदोपत्रीं नांवांत एका अक्षराचा फेर पडला तरी अर्ज अडूं शकतो. जिल्ह्यांतील एका सेवा केंद्रांत आम्हीं पाहिलें: भरणारा तरुण पडद्याशीं नाक नेऊन विचारीत होता, "काका, ध धनुष्याचा, कीं घ घराचा?" काकांस लिहितां वाचतां येत नव्हतें, त्यांनीं आपलें नांव मोठ्यानें तीन वेळां उच्चारलें. ज्या लिपींत उच्चार तसें लेखन, तिच्यांत असा प्रसंग यावा!

उपाय कोणते, तें आतां सांगतों. मूळ उपाय आज्ञावली लिहिणाराच्या हातीं आहे. त्यानें ९६ चा आंकडा आपल्या हिशेबांतून काढून टाकावा, पडद्याचें माप प्रणालीस विचारावें, सर्व चौकटी त्या प्रमाणांत काढाव्या, आणि मग आपल्याला नव्या मापाचें ज्ञान असल्याचें जाहीरनाम्यांत नोंदवावें. क्रम उलटा केला, म्हणजे ज्ञान नसतां नुसती नोंद केली, तर अक्षरें रेखीव पण मुंगीएवढीं होतात आणि एकमेकांच्या अंगावर चढतात. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून आणखी एक गुंतागुंत वाढली: लॅपटॉपचा पडदा एका मापाचा आणि त्यास जोडलेला मोठा पडदा दुसऱ्या मापाचा असेल, तर चौकट इकडून तिकडे ओढतांच अक्षर नव्यानें घडवावें लागतें. जी आज्ञावली माप एकदांच, आरंभीं विचारते, ती दुसऱ्या पडद्यावर पुन्हां धुरकट होते.

वाचणाराच्या हातीं जें आहे तें थोडें, पण अगदींच निरुपयोगी नव्हे. विंडोजमध्यें आज्ञावलीच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' ह्या भागांत जावें. तेथें 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' म्हणून खोली आहे. तींत ताण कोणीं द्यावयाचा हें ठरवितां येतें. 'ॲप्लिकेशन' निवडलें तर ताण थांबतो. अक्षर स्वच्छ होतें, पण जुनी आज्ञावली असल्यास लहानहि होतें. 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' ही २०१७ सालीं आलेली तिसरी वाट विशेष उपयोगी. तींत प्रणाली चित्र पुरें होण्याची वाट न पाहतां, 'येथें अमुक अक्षर काढ' अशी आज्ञा येतांच मध्यें पडते आणि तें अक्षर मोठ्या मापाचें घडविते; चित्रें मात्र ताणलेलींच राहतात. मॅकवर जुन्या आज्ञावलीची नवी आवृत्ति घेणें हाच बहुधा मार्ग. जावा भाषेंत लिहिलेल्या आज्ञावल्यांस विंडोज व लिनक्सवर हें ज्ञान २०१७ च्या जावा ९ पासून आलें, तेव्हां त्या नव्या जावावर चालतात कीं नाहीं हें प्रथम पाहावें.

परंतु जी आज्ञावली अक्षर स्वतःच बिंदूंचें चित्र म्हणून रंगविते, तिला ह्यांतील कोणतीहि युक्ति तारूं शकत नाहीं. कारण प्रणालीस तेथें अक्षर आहे हेंच कळत नाहीं. आमच्याकडे लहान शहरांतील छापखान्यांत पत्रिका, पावतीपुस्तकें आणि साप्ताहिकें जुळविण्यास युनिकोडपूर्व काळांतील आज्ञावल्या अद्यापि वापरांत दिसतात. तेथील जुळारी, कीं ज्यास आतां कोणी जुळारी म्हणत नाहीं, त्या कळपाटावर इतका सरावला आहे कीं बदल म्हणजे त्यास हात तोडून देण्यासारखें वाटतें. आणि त्याच्या दृष्टीनें तें चूकहि नाहीं. अशा ठिकाणीं मजकूर युनिकोडमध्यें रूपांतरित करून घेणें हा एकच टिकाऊ उपाय, आणि रूपांतर करतांना रफार व पायमोडकीं जोडाक्षरें मुद्दाम डोळ्यांनीं तपासलीं पाहिजेत, कारण यंत्र बहुधा तेथेंच अडखळतें.

बाजारांत आज मध्यमवर्गास परवडणारा जो लॅपटॉप मिळतो, त्याचा पडदा बहुधा १९२० गुणिलें १०८० बिंदूंचा व कर्णानें चौदा किंवा साडेपंधरा इंचांचा असतो. इंचास सुमारें १४० ते १६० बिंदु. म्हणजे ९६ च्या दुप्पट नव्हे, तर सव्वा ते दीडपट ताण हाच तेथें सुचविला जातो. महाग पडद्यावर शिरोरेषा दोन पूर्ण बिंदूंवर बसते. ह्या स्वस्त पडद्यावर ती दोन ओळींच्या मध्यें लोंबकळते. बीड, केज, परळी येथील शाळांतून, दुकानांतून आणि सेवा केंद्रांतून जो लॅपटॉप दिसतो तो पुष्कळदां ह्या दुसऱ्या जातीचा असतो.